बहुधा न म्हणणारी पुतणी

ती. काका,

दुरुस्ती आधी, नमस्कार मागून. हा क्रम तुमचाच आहे. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की तुमच्याकडे जेवणाच्या टेबलाशी शिकायला बसायचे तेव्हा खिडकी माझ्या डाव्या हाताला असायची. ते चूक. खिडकी उजव्या हाताला होती. डाव्या हाताला ती फक्त पहिल्या वर्षी होती. मग भिंतीला ओल आली म्हणून काकूनं टेबल फिरवलं आणि पुढची सगळी वर्षं ती उजवीकडे आली. (टेबल फिरवलं, खिडकी नव्हे. हेही स्पष्ट केलेलं बरं.) तुम्ही ते पत्र लाल शाईनं तपासून परत पाठवलंत. 'खिडकी' या शब्दाभोवती गोल, समासात "चोर इथे सापडला", आणि खाली शेरा, "अक्षर हुबेहूब. मेहनत दिसते." काका, अक्षर हुबेहूब आहे कारण ते माझंच आहे. पण 'मेहनत दिसते' हा शेरा तुमच्याकडून मला उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मिळाला, आणि तोही मी चोर असताना. याचा आनंद मानावा की काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कागद जपून ठेवला आहे.

आता नमस्कार, तुमच्या आणि काकूच्या पायांना हात लावून. प्रकृती कशी आहे? कानाचं मशीन आंघोळीच्या आधी काढून डबीत ठेवता ना? काकूच्या डोळ्याला पाणी येणं थांबलं का? माझी तब्येत उत्तम आहे. म्हणजे झोप लागत नाही आणि घास उतरत नाही, बाकी उत्तम. मागच्या पत्रात मी 'घाबरण्याचं कारण नाही' असंही लिहिलं होतं. ती दुसरी दुरुस्ती. कारण आहे.

गोंधळ होऊ नये म्हणून आधी ठरवून घेते. तुम्ही सध्या मला 'ती भामटी' म्हणता आणि त्या भामटीला 'आमची पोर' म्हणता. या पत्रापुरतं मी स्वतःला 'मी' म्हणते आणि तिला 'ती दुसरी'. ती पुरुष असेल, चारजण असतील, नुसतं यंत्रही असेल. पण बोलते माझ्या आवाजात, म्हणून बाई धरते.

तिचा पहिला फोन मी ऐकला आहे. तुम्हाला बोलणं पुन्हा ऐकता यावं म्हणून तुमच्या फोनवर सगळे कॉल आपोआप साठवायची सोय मीच करून दिली होती, आणि काकूनं तो कॉल शेजारच्या शिंपीणबाईंच्या फोनवरून मला ऐकवला. (तुमचा फोन काकूच्या हातात कसा आला ते विचारू नका. तुम्ही दाढी करत होतात.) आधी हुंदका आला. काका, तो माझाच हुंदका होता. मी रडताना मध्येच श्वास अडकतो आणि मग उचकीसारखा आवाज येतो, तो तस्साच. मी माझ्या फोनवर ऐकत होते आणि मला वाटलं, आपण कधी बरं हे रडलो? मी इकडे खुर्चीवर गप्प बसलेली आणि तिकडे मी रडतेय. भुतं आपल्या मरणानंतर निघतात अशी माझी समजूत होती. जिवंतपणी निघतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग ती दुसरी म्हणाली, "काका, ओळखलंत का?" आणि तुम्ही म्हणालात, "कोण, आमची बहुधाबाई?" आणि ती म्हणाली, "हो काका, बहुधाबाईच." बघा काका, वाक्यागणिक 'बहुधा' म्हणते म्हणून तुम्ही मला ठेवलेलं ते नाव तिला ठाऊक नव्हतं. ते तुम्हीच तिच्या ओंजळीत घातलंत. यापुढे कुणीही 'ओळखलंत का' म्हटलं तर कृपा करून म्हणा, 'नाही बुवा, तुम्हीच सांगा.' उद्धट वाटेल, वाटू दे. मी फोन केला तरी तसंच म्हणा. मला वाईट वाटेल, पण ते माझं मी बघीन.

पुढे तिनं सांगितलं की तिचा फोन चोरीला गेला आहे, हा नवा नंबर, आणि जुन्या नंबरावरून कुणी तिच्या नावानं बोललं तर ती चोर समजावी. म्हणजे चोरी करायच्या आधीच तिनं मला चोर ठरवून टाकलं. इतका पुढचा विचार मला कधी जमला असता तर मी आज कुठल्या कुठे असते. मग आनंदाची बातमी: मी काम करते त्या कानाच्या दवाखान्याची नवी शाखा निघते आहे, डॉक्टर तिला भागीदार करून घेताहेत, तुमची बँकेतली ठेव तेवढी मोडायची आहे, वर्षाच्या आत परत. आणि शेवटी, लाडात येऊन, "काकूला एवढ्यात सांगू नका हं, सरप्राइज आहे." तुम्ही "बरं बरं" म्हणालात, इतक्या मोठ्यानं की स्वयंपाकघरात काकूला शब्दन् शब्द ऐकू गेला. (ऐकू कमी येणाऱ्या माणसाच्या घरात गुपित राहत नाही, हा एक फायदा.)

काका, त्या कॉलमध्ये सर्वांत जास्त कशाची भीती वाटली सांगू? हुंदक्याची नाही. फोन ठेवल्यावर तुम्ही जे पुटपुटलात त्याची. कॉल संपायला क्षणभर उशीर झाला आणि त्यात तुमचं वाक्य आलं आहे: "सुधारली हो पोरगी. एकदाही बहुधा म्हणाली नाही."

ती का म्हणाली नाही, ते मला माहीत आहे. मागे डॉक्टरांनी दवाखान्याच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकायला माझा एक व्हिडिओ काढला, कानाचं मशीन कसं पुसावं याचा. मी त्यात म्हणाले, "हे बहुधा रोज पुसावं, म्हणजे मला वाटतं रोजच, निदान एक दिवसाआड." डॉक्टर म्हणाले, "अहो बाई, मशीन पुसायचंय, निकाल नाही द्यायचा!" आणि त्यांनी बसून माझे सगळे 'बहुधा', 'म्हणजे' आणि 'मला वाटतं' कापून टाकले. उरली ती ठाम, चटपटीत, खात्रीची बाई. पोलीस म्हणतात, असा थोडासा आवाज मिळाला की पुरतो, त्यावरून हवं ते बोलवून घेता येतं. तेव्हा चोराच्या हाती जी मी लागले, ती ही कापलेली मी. तुम्ही सगळं बालपण माझं जे खोडून काढायचा प्रयत्न केलात ते डॉक्टरांनी एका दुपारी खोडलं आणि चोरानं ती स्वच्छ प्रत घरी नेली. (रडण्याचं कुठून मिळालं ते मात्र मला कळत नाही. बहुधा सगळे सारखेच रडतात.)

आणखी एक बोचतं ते सांगते. तुमच्या कानाचं मशीन मीच बसवलं. चारदा काढून पुन्हा बसवलं, आवाज जुळवला, शिट्टी घालवली, तुम्ही म्हणालात "आता टाचणी पडलेली ऐकू येते." मी ते काम जरा वाईट केलं असतं तर त्या दुसरीला ओरडून बोलावं लागलं असतं, आणि ओरडून कुणाला लाडात येता येत नाही. माझ्या हातून एकदाच काम बिनचूक झालं आणि ते तिच्या कामी आलं.

तुम्ही म्हणाल, मी फोनवर तुझी परीक्षा घेतली तेव्हा तुझी का बोबडी वळली? घेतलीत. रविवारी नेहमीप्रमाणे मी फोन केला आणि तुम्ही नमस्कार न घेताच विचारलंत, "लोणच्याची बरणी कुणी फोडली?" काका, त्याचं सरळ उत्तर नाही. बरणी माझ्या हातात होती हे खरं. पण तिला आधीपासून चीर होती, आणि ती माझ्या हातात होती तेव्हा काकूनं मागून हाक मारली, आणि ती पडली तेव्हा माझ्या हातात होती की ओट्याच्या कडेवर, हे मला तेव्हाही नक्की सांगता आलं नव्हतं. मी हे सगळं नीट सांगायला लागले तर तुम्ही म्हणालात, "भामटे लोक असेच घोळ घालतात," आणि फोन ठेवलात. मग माझा नंबरच बंद करून टाकलात. तोच प्रश्न तुम्ही तिलाही विचारलात म्हणे. ती हसली आणि म्हणाली, "सोडा ना काका त्या जुन्या गोष्टी." आणि तुम्ही काकूला सांगितलंत, पोरीला पोक्तपणा आला.

काकूनं मला ओळखलं ते वेगळ्या रीतीनं. तिनं पहिल्याच वाक्यात विचारलं, "तू आहेस का ती आहेस?" मी म्हटलं, "काकू, मी आहे, पण ती पण असंच म्हणेल." काकू म्हणाली, "जेवलीस?" मी म्हटलं, जेवले, म्हणजे अर्धं, कारण भात लागला होता, पण टाकला नाही, झाकून ठेवलाय, संध्याकाळी जाईल बहुधा. काकू म्हणाली, "तूच गं बाई. चोराला एवढा वेळ नसतो." पण तुम्ही तिचं ऐकत नाही, हे आपण तिघंही जाणतो.

माझी अवस्था काय झाली आहे ते थोडक्यात सांगते. (थोडक्यात जमणार नाही, पण प्रयत्न करते.) फोन आला तर मी 'हॅलो' म्हणत नाही. नुसता कानाला लावते आणि समोरचा काय बोलतो त्याची वाट बघते. समोरचाही हल्ली तेच करतो. परवा मी आणि गॅसवाले असे कितीतरी वेळ एकमेकांचा श्वास ऐकत होतो. दवाखान्यात तपासणीची जी आवाजबंद खोली आहे, जाड दाराची, भिंतींना स्पंज लावलेली, तिथं पूर्वी मला बरं वाटायचं. आता दार लागलं की वाटतं, बाहेर या क्षणी मी कुणाशी तरी बोलत असेन. रुग्णाला आत बसवून कानाला हेडफोन देतो, आवाज आला की बटण दाबा म्हणतो. काही लोक आवाज यायच्या आधीच दाबतात. खोटं नसतात बोलत. त्यांना खरंच ऐकू आलेलं असतं, कारण ते वाट बघत असतात. काका, तुम्ही फार वर्षं वाट बघत होतात, की ही पोर कधीतरी ठामपणे बोलेल. आवाज आला, तुम्ही बटण दाबलंत. तुमची चूक आहे असं मी म्हणत नाही. (म्हणजे आहे, पण मला समजते.)

मी पोलिसांत गेले. तिथं या असल्या गुन्ह्यांचं वेगळं टेबल आहे आणि त्यावर तीन फोन आहेत. तिन्ही वाजत होते आणि टेबलामागचे साहेब एकही उचलत नव्हते, यावरून मला त्यांच्याबद्दल विश्वास वाटला. त्यांनी माझं ओळखपत्र मागितलं, मग त्या दुसरीनं माझ्या नावानं इंटरनेटवर उघडलेलं पान बघितलं, पुन्हा ओळखपत्र बघितलं, आणि म्हणाले, "रागावू नका, पण या बाई तुमच्यापेक्षा तुमच्यासारख्या दिसतात." तिनं माझा फोटो उजळून घेतला आहे आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळं काढून टाकली आहेत. मी म्हटलं, तक्रार घ्या. ते म्हणाले, नक्की ना? मला 'बहुधा' म्हणायची इतकी सवय आहे की ओठांवर आलं होतं. गिळलं. तक्रार घेतली, पोच दिली. आणि एक सांगितलं, जे मी तुम्हाला हात जोडून सांगते आहे: कुणी घाई केली, आणि कुणी 'घरात सांगू नका' म्हटलं, की तिथेच फोन ठेवायचा आणि आपल्याकडे पूर्वीपासून असलेल्या नंबरावर आपण होऊन फोन करायचा. तो नंबर 'चोरीला गेला' असं सांगितलं तर आणखी जास्त करायचा. फोनवर आलेला आकडी संकेत (ओटीपी) कुणालाही वाचून दाखवायचा नाही, बँकेच्या साहेबांनाही नाही, मलाही नाही. आणि ती म्हणेल 'हे एक अ‍ॅप टाका, मी इथून सगळं भरून देते', तर टाकायचं नाही. तुमच्या ओळखपत्राचा फोटो तुम्ही तिला पाठवून बसलात हे काकूनं सांगितलं. होऊन गेलं. पण बँकेला ते कळवायला हवं, आणि ते तुम्हीच कळवायला हवं.

कारण मी कळवून पाहिलं. तुमच्या शाखेत फोन केला, माझ्या काकांची ठेव मोडू नका म्हटलं. तिथल्या बाईंनी विचारलं, "आपण कोण?" मी म्हटलं, पुतणी. त्या म्हणाल्या, "ते आम्हाला कसं कळावं?" काका, अगदी बरोबर बोलल्या. असंच बोलायला हवं. मी त्यांचे मनापासून आभार मानले, फोन ठेवला आणि मग रडले, उचकीसकट.

ती ठेव काकूच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आहे. तुम्ही ती काकूच्या डोळ्याला पाणी सुरू झालं तेव्हा बाजूला काढलीत, आणि डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं आहे की आता फार लांबवू नका. ती गेली तर काकूचा डोळा जाईल, आणि काकू तुम्हाला त्याबद्दल एक शब्द बोलणार नाही. तुम्ही तिला ओळखता. ठेव दोघांच्या नावावर असल्यामुळे तिची सही लागते. तुम्ही तिला "सही कर, आनंदाची बातमी आहे" म्हणून कागद दिलात आणि तिचा चष्मा सापडत नाही म्हणून तो कागद तसाच पडून आहे. चष्मा पिठाच्या डब्यात आहे. (हे मी लिहायला नको होतं. पण खाडाखोड करायची नाही, चूक दिसू द्यायची आणि दुरुस्ती खाली लिहायची, हा तुमचाच नियम. तेव्हा खाली बघा.)

तुम्ही मला पहिली अक्षरं त्या टेबलावर शिकवलीत. शाळेत घातलं तेव्हा मला सगळं येत होतं, फक्त शाळेत कसं वागतात ते येत नव्हतं. मी बाईंना रोज सकाळी आदल्या दिवशीच्या त्यांच्या चुका सांगायचे. तेही तुमच्यामुळेच. मी शुक्रवारी येते. रजा मागितली आहे. दारात उभी राहीन, लगेच आत घेऊ नका, आधी विचारा. मग आपण दोघं बँकेत जाऊ.

काकूला नमस्कार. मशीनची बॅटरी बदला.

तुमची (हे तुम्ही ठरवायचं),
बहुधाबाई

ता. क. दुरुस्ती: चष्म्याबद्दल वर जे लिहिलं ते वाचू नये. वाचलंच असेल तर डबा उघडू नये.

ता. क. खरी विनंती आता सुचली. वरचं सगळं पत्र भामटीनंच लिहिलं आहे असं समजा. माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवू नका, अक्षरावर ठेवू नका, खिडकीवर तर मुळीच नको. फक्त त्या दुसरीला एक फोन करा आणि टेबलाशी बसल्यावर रोज सकाळी मला जे विचारत होतात ते विचारा: "काल काय चुकलं?" ती म्हणेल, काही नाही काका, सगळं छान. ते ऐकल्यावर तुम्ही ठरवा, तुम्हाला कोण हवी आहे. मला त्या उत्तराची चोरीपेक्षा जास्त भीती वाटते, म्हणून हे तळाशी लिहिलं. मला विचारलंत तर दुपारपर्यंत बसावं लागेल. सोबत काहीतरी खायला घेऊन बसा.

ता. क. शेवटची दुरुस्ती. पाकीट बंद करताना काकूचा शिंपीणबाईंकडून फोन आला. सुटीवर गेलेले बँकेचे साहेब शुक्रवारी बँक उघडतानाच येणार आहेत, त्या दुसरीनं तुम्हाला तेव्हाच हजर राहायला सांगितलं आहे, आणि तुम्ही काकूचा जुना चष्मा शोधून काढला आहे. मी शुक्रवारी येते असं वर लिहिलं, ते चूक. शुक्रवारी मी पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असेल. डॉक्टरांना रजा बदलून मागितली. ते नाही म्हणाले. मी म्हटलं, मग रजेशिवाय जाते. (त्यांनी हे कापून कुठं टाकू नये म्हणजे झालं.) पहिल्या बसनं निघते. या वाक्यात 'बहुधा' नाही, एवढ्यावरून ते तिचं समजू नका. ते आधी कच्च्या कागदावर चारदा लिहून पाहिलं, चारही वेळा 'बहुधा' आलं. मी गुरुवारी येते.